भावाचा मागोवा आणि खड्याचा सौदा





अल्लाहची स्तुती आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर दरूद व सलाम अर्पण करून आज एका अशा विषयाकडे वळू या, जो मिंबरवरून क्वचितच ऐकायला मिळतो. व्याज, लाच, भेसळ, वजनमापातील लबाडी यांवर आपण पुष्कळ ऐकतो आणि ते आवश्यकही आहे. परंतु आपल्या घरांतील मुले-मुली आता मुंबई-पुण्यातील अशा कार्यालयांत बसतात, जिथे परदेशी बँकांच्या करारांचा हिशेब संगणकावर रात्रंदिवस चालू असतो. भिवंडी-मालेगावच्या कापडाची आणि सोलापूरच्या टॉवेलची निर्यात करणाऱ्या आपल्या बांधवांसमोर बँकेचा मनुष्य डॉलरच्या भावावरील पानेच्या पाने भरलेला करार ठेवतो आणि म्हणतो, ‘यात तुमचे संरक्षण आहे.’ हे करार काय आहेत, त्यांचा व्यवहार कसा चालतो आणि शरिअत त्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हे समजून घेतल्याशिवाय ‘हलाल’ किंवा ‘हराम’ हा शब्द उच्चारणे योग्य नव्हे. न समजता दिलेला होकार जितका धोक्याचा, तितकाच न समजता दिलेला नकारही.

आधी साधी गोष्ट. घर किंवा जमीन घेताना आपण इसार देतो. सौदा पुरा झाला तर ती रक्कम किमतीत धरली जाते, मोडला तर बहुधा बुडते. बाजारातील ‘विकल्प’, ज्याला ऑप्शन म्हणतात, तो वरवर पाहता असाच दिसतो. काही रक्कम देऊन मनुष्य एक हक्क विकत घेतो: अमुक तारखेला अमुक भावाने माल घेण्याचा किंवा विकण्याचा. भाव अनुकूल झाला तर हक्क वापरायचा, नाही तर सोडून द्यायचा. दिलेली रक्कम मात्र कधीच परत येत नाही आणि किमतीतही धरली जात नाही. मुंबईच्या जुन्या बाजारपेठेत यालाच तेजी-मंदी म्हणत, म्हणजे ही वस्तू परदेशातून नव्याने आलेली आहे असे मानण्याचे कारण नाही.

या साध्या विकल्पात शेवटच्या दिवसाचा भाव तेवढा पाहिला जातो. मधल्या काळात भाव कुठे कुठे फिरून आला, याच्याशी कराराला कर्तव्य नसते. आजचा आपला विषय याच्या पुढचा आहे. काही करार असे असतात की त्यांचा मोबदला भावाच्या शेवटच्या मुक्कामावर नव्हे, तर त्याच्या संपूर्ण प्रवासावर ठरतो. भाव कोणत्या वाटेने आला, वाटेत किती उतरला, एखाद्या रेषेला त्याने स्पर्श केला की नाही, सर्व दिवसांची सरासरी काय पडली, असा सारा मागोवा घेऊन मग कोणी कोणाला काय द्यायचे हे ठरते.

आकड्यांनी पाहिले म्हणजे मुद्दा उलगडेल. समजा, एखाद्या मालाचा करारातील भाव १०० आहे आणि चार आठवड्यांचे भाव अनुक्रमे ९०, ९५, १०० आणि १३५ असे निघाले. साध्या विकल्पात शेवटचा भाव १३५ म्हणून धारकाला ३५ मिळतील. सरासरीवर चालणाऱ्या विकल्पात चारही भावांची सरासरी १०५ येते, म्हणून केवळ ५ मिळतील. आता उलट वाट घ्या: १३५, १३०, १२५ आणि ९०. साधा विकल्प येथे कोरडा जातो, कारण शेवटचा भाव शंभराच्या खाली आहे. सरासरी मात्र १२० येते आणि धारकाला २० मिळतात. या सरासरीच्या कराराला ‘एशियन ऑप्शन’ असे नाव आहे. नावाचा आशियाशी संबंध एवढाच की, १९८७ मध्ये बँकर्स ट्रस्ट या बँकेचे मार्क स्टँडिश आणि डेव्हिड स्पॉटन हे कामानिमित्त टोकियोत होते आणि तिथे त्यांनी खनिज तेलाच्या सरासरी भावावरील विकल्पाची किंमत काढण्याचे व्यवहारोपयोगी सूत्र तयार केले.

दुसरा प्रकार रेषेचा. करारात लिहिलेले असते की भाव ८० ला टेकला की करार संपुष्टात येईल. आता भाव असे निघाले: १००, ७९, ११०, १३०. शेवटी भाव वाढला, धारकाचा अंदाज खरा ठरला, साध्या विकल्पात त्याला ३० मिळाले असते. पण दुसऱ्या आठवड्यात भाव क्षणभर रेषेखाली गेला, म्हणून त्याच्या हाती काहीच नाही. याला नॉक-आउट म्हणतात. याच्या उलट, रेषेला स्पर्श झाल्यावरच जो करार जिवंत होतो तो नॉक-इन. तिसरा प्रकार मागे वळून पाहणारा, लुकबॅक. त्यात धारकाला मुदतीतील सर्वांत खालच्या भावाने खरेदी केल्याचा लाभ मिळतो. वरच्याच उदाहरणात नीचांक ७९ आणि शेवट १३०, म्हणजे ५१. १९७९ मध्ये गोल्डमन, सोसिन आणि गॅटो या अभ्यासकांनी अशा कराराचे गणित प्रथम मांडले. कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, सर्वांत खाली घ्यावे आणि वर विकावे ही त्याची जन्माची इच्छा असते. येथे ती इच्छाच माल म्हणून विकली जाते आणि अर्थातच महाग विकली जाते.

या करारांत काही लाभ नाहीच, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. जो कारखानदार महिनाभर रोज थोडे थोडे तेल घेतो, त्याचा खरा खर्च सरासरीचाच असतो. त्याला एका दिवसाच्या भावाशी काय करायचे? शिवाय शेवटच्या दिवशी एखादा मोठा सटोडिया भाव मुद्दाम वर-खाली ढकलू शकतो. महिन्याच्या सरासरीला ढकलणे त्याला तितके सोपे नसते. लंडनच्या धातूबाजारात महिन्याच्या सरासरी भावावर असे विकल्प चालतात, त्यामागे ही गरज आहे. पवित्र कुरआनने स्वतः हा न्याय शिकवला आहे. सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत मद्य आणि जुगार यांच्याविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांत लोकांसाठी काही लाभ आहेत हे अल्लाहने नाकारले नाही. परंतु त्यांतील पाप त्यांच्या लाभाहून मोठे आहे असे सांगितले. म्हणून लाभ दाखवून देणाऱ्याशी वाद घालण्याची आपल्याला गरजच नाही. प्रश्न दुसराच आहे.

तो प्रश्न असा: येथे विकले काय जाते?

सूरह अन-निसाच्या २९व्या आयतीत ईमानधारकांना एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाण्यास मनाई केली असून परस्पर संमतीच्या व्यापाराला मोकळीक दिली आहे. संमती आवश्यक आहे, पण केवळ संमती पुरेशी नाही. जुगारीही संमतीनेच बसतात. व्यापारात एका बाजूने माल, सेवा किंवा उपभोगाचा हक्क यावा लागतो आणि दुसऱ्या बाजूने त्याची किंमत. जगभरातील विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९२ मध्ये जेद्दाह येथील सातव्या अधिवेशनात या विषयाचा निवाडा केला. ठराव क्रमांक ६३ चा आशय असा की, जागतिक बाजारांत चालणारे विकल्प करार शरिअतच्या कोणत्याही ज्ञात करारात बसत नाहीत. त्यांत विकली जाणारी वस्तू ही ना धन आहे, ना उपभोग, ना मोबदला घेऊन सोडता येईल असा आर्थिक हक्क. म्हणून ते वैध नाहीत. मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांचेही म्हणणे याच दिशेने जाते. अमुक भावाने माल देईन असे एकतर्फी वचन देणे गैर नाही, पण ते वचन हीच विक्रीची वस्तू करून त्याचे पैसे घेणे योग्य नाही.

याविरुद्ध मत नाही असे नव्हे. प्रा. मोहम्मद हाशिम कमाली यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विकल्प आणि वायदे यांना वैध मानण्याची बाजू सविस्तर मांडली. व्यवहारात मूळ तत्त्व परवानगीचे आहे आणि मनाईला पुरावा लागतो, ही त्यांची भूमिका. त्यांचा एक आधार इसाराचा आहे, ज्याला फिकहमध्ये अरबून म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात नाफे बिन अब्दुल हारिस यांनी मक्का येथे कैदखान्यासाठी सफवान बिन उमय्या यांचे घर चार हजारांना घेतले, खलिफांना सौदा मान्य झाला नाही तर सफवान यांना चारशे मिळतील, असे ठरले. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांनी याच घटनेवरून इसार वैध मानला. हनफी, मालिकी आणि शाफई विद्वानांनी मात्र तो अमान्य केला, म्हणजे घाटावरील आपले हनफी बांधव आणि कोकणातील शाफई बांधव या प्रश्नात एकाच बाजूला उभे आहेत. अकादमीने पुढे १९९३ मध्ये मुदत निश्चित असेल तर इसार वैध ठरवला. तो निर्णय मान्य केला तरी विकल्पाला त्याचा आधार मिळत नाही, असे आमचे मत आहे. सफवान यांचे घर खरे होते, ते कोणाला हवे होते, आणि इसार घराच्या किमतीचाच भाग होता. ज्या करारात धारकाला तेल नको, तांबे नको, केवळ सरासरी आणि करारातील भाव यांतील फरक हवा, त्याला घराच्या इसाराशेजारी कसे बसवावे?

आता गररकडे येऊ. ज्याचा परिणाम झाकलेला आहे तो गरर, अशी व्याख्या इमाम सरख्सी (रह.) यांनी केली आहे. आदरणीय प्रेषित (स.) यांनी गररच्या विक्रीस मनाई केली, हे हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेले प्रेषितवचन सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच कथनात आणखी एका सौद्याचा उल्लेख आहे, ज्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही: खड्याचा सौदा, बैउल-हसात. विद्वानांनी त्याचे अनेक अर्थ सांगितले आहेत. मांडलेल्या कापडांवर खडा फेकायचा, ज्यावर पडेल ते कापड ठरल्या किमतीला विकले गेले. किंवा उभे राहून खडा फेकायचा, जिथवर जाईल तितकी जमीन विकली गेली. किंवा, हातातून खडा सुटला की सौदा पक्का, मग माघार नाही. याच्याच जोडीला मुलामसा येतो: कापडाला नुसता हात लागला की ते न पाहता, न उलगडता घेतलेच असे मानायचे. अज्ञानकाळातील अरबांना हे सौदे मौजेचे वाटत. खडा खरा असे, कापड खरे असे, घेणारा-देणारा राजी असे. मनाई झाली ती यासाठी की मालाच्या गुणाशी, गरजेशी किंवा किमतीशी ज्याचा काही संबंध नाही अशा घटनेवर एकाचे धन दुसऱ्याकडे जात होते.

रेषेच्या कराराकडे या प्रकाशात पाहा. भाव रेषेला टेकला, करार मेला. भाव रेषेला टेकला, करार जन्मला. टेकल्याने मालात काय बदलले? गव्हाचा दाणा तोच, डॉलरची नोट तीच. बाजारातील लहरीचा खडा रेषेच्या अलीकडे पडला की पलीकडे, एवढ्यावर हजारो लोकांचे वेतन ज्यावर अवलंबून आहे अशा कारखान्याचे भवितव्य ठरते. मुलामसाशी याचे साम्य तंतोतंत आहे असा आमचा दावा नाही, कारण तेथील मुख्य दोष माल न पाहण्याचा होता. परंतु खड्याच्या सौद्याशी असलेले साम्य नाकारणे कठीण आहे. आणि येथे एक अधिकचा दोष आहे. अज्ञानकाळात खडा निदान दोघांच्या डोळ्यांसमोर फेकला जाई. येथे भाव रेषेजवळ आला की तो तिच्यावर ढकलण्यात किंवा तिच्यापासून राखण्यात बड्या व्यवहारकर्त्यांचा स्वार्थ निर्माण होतो. चलनबाजारात हे ठाऊक असलेले वास्तव आहे. म्हणजे खडा फेकणारा हात पुष्कळदा सौद्यातील बलवान पक्षाचाच असू शकतो.

या करारांची किंमत काढण्यासाठी संगणकावर भावाच्या हजारो काल्पनिक वाटा निर्माण करतात आणि त्यांची सरासरी घेतात. या पद्धतीचे नाव ‘मॉन्टे कार्लो’, मोनॅकोतील प्रसिद्ध जुगारगृहावरून दिलेले. नावावरून निवाडा करायचा नसतो, हीच पद्धत विज्ञानात इतर चांगल्या कामीही येते. पण एवढे लक्षात घ्यावे की ज्या कराराची योग्य किंमत विकणाऱ्या बँकेच्या संगणकालाच ठाऊक असते, त्यावर सही करणाऱ्या निर्यातदाराची संमती ही किती जाणून दिलेली संमती असते?

आपल्या मुंबईला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. गिरणगावात ‘आकडा’ लावला जाई, तो कशावर? न्यूयॉर्कच्या कापूसबाजारात कापसाचा भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, ते आकडे तारेने मुंबईत येत आणि त्यांवर पैज लागे. कापूस खरा होता, भाव खरा होता, बाजार खरा होता. लावणाऱ्याच्या हाती मात्र ना कापूस येई, ना सूत. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे बंद झाले. जुगार बंद झाला का? नाही. आधी काल्पनिक मालाचे भाव काढले गेले, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि त्यालाच मटका हे नाव पडले. कापूस गेला तरी खेळ तसाच चालला, यावरूनच कळते की त्या व्यवहारात कापूस मुळात नव्हताच. एखादा करार व्यापार आहे की मैसिर, हे पारखायचे असेल तर हाच प्रश्न विचारावा: मधला माल काढून टाकला आणि त्याजागी चिठ्ठी ठेवली, तर काही बिघडते का?

कोणी म्हणेल, कायद्याने तर याला जुगार मानलेले नाही. खरे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० पैजेचे करार रद्दबातल ठरवते. २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर एका साखर उद्योगाचा आणि एका बँकेचा वाद आला. करार डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या दरावरचा होता आणि दर ठराविक रेषेला स्पर्श करतो की नाही यावर देणे अवलंबून होते. कंपनीचे म्हणणे होते की ही पैज आहे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. न्यायालयाने देशाच्या कायद्यानुसार आपले काम केले आणि कायद्याचा मान राखणे आपले कर्तव्य आहे. परंतु न्यायालयासमोरचा प्रश्न होता, हा करार अमलात आणता येतो का? आपल्यासमोरचा प्रश्न आहे, हे धन माझ्या मुलाबाळांच्या पोटात जावे का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बाहेरच्या जगातील एक उदाहरण पाहू. हाँगकाँगच्या सिटिक पॅसिफिक या कंपनीला पश्चिम ऑस्ट्रेलियातील लोहखनिजाच्या प्रकल्पासाठी ऑस्ट्रेलियन डॉलर लागणार होते. गरज खरी होती. तिने अशा स्वरूपाचे करार केले की, कंपनीचा साठत जाणारा नफा ठराविक मर्यादेला पोहोचला की करार आपोआप संपेल. तोट्याला मात्र तशी मर्यादा नाही, भाव पडत गेला तरी ठरल्या चढ्या भावाने चलन घेतच राहायचे. करारांतील चलनाची रक्कमही प्रकल्पाच्या गरजेहून कितीतरी अधिक होती. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर ९८ अमेरिकी सेंटांच्या आसपास होता. ऑक्टोबरच्या अखेरीस तो ६० च्या आसपास आला. त्याच ऑक्टोबरमध्ये कंपनीने जाहीर केलेला संभाव्य तोटा दीड हजार कोटी हाँगकाँग डॉलरांच्या घरात होता, आणि पुढच्या वर्षी अध्यक्षांना पद सोडावे लागले. त्याच सुमारास हाँगकाँगमधील अनेक धनिक ‘ॲक्युम्युलेटर’ नावाच्या अशाच कराराने पोळले. भाव वर गेला की थोड्याच नफ्यावर करार बंद. खाली गेला की रोज दुप्पट माल घ्या. इंग्रजी नावाच्या ध्वनीवरून लोक त्याला थट्टेने ‘आय किल यू लेटर’ म्हणू लागले, म्हणजे आज सोडतो, नंतर मारतो. सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की उद्या आपण काय कमावणार हे कोणताही जीव जाणत नाही. ज्याला उद्याचे ठाऊक नाही, त्याने उद्याच्या प्रत्येक दिवसाच्या भावावर अमर्याद देणे लिहून द्यावे, यात बुद्धीही नाही आणि तवक्कुलही नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, नाही तर आपण हलालला हराम म्हणण्याच्या अपराधात सापडू. दोष सरासरीत नाही. भावाच्या इतिहासाकडे पाहण्यातही नाही. किराणा दुकानातून महिनाभर उधारीवर माल नेतो आणि पहिल्या तारखेला वहीतील रोजच्या भावाने हिशेब चुकता करतो, हा इस्तिजरार हनफी विद्वानांनी लोकांच्या सोयीसाठी मान्य केला आहे. बाजारभावाने व्यवहार ठरवून नंतर किंमत चुकवणे इमाम इब्ने तैमिया आणि इब्नुल कय्यिम (रह.) यांनीही वैध मानले. म्हणून सूतगिरणीने कापूस व्यापाऱ्याशी ठरवले की महिनाभर गाठी घेईन आणि त्या दिवसांच्या बाजारभावाने पैसे देईन, तर त्याला नॉक-आउटच्या पंक्तीत बसवू नये. तेथे गाठी येतात, गाडीतून उतरतात, कामगार त्या फोडतात. मात्र किंमत ठरवण्याच्या अशा नव्या अटी लिहिताना आपल्या मसलकच्या जाणकार मुफ्तींना मसुदा दाखवावा.

आणखी एक भेद. शरिअतमध्ये स्वतःचा ‘विकल्प’ आहे. हजरत हिब्बान बिन मुनकिज (रजि.) यांची खरेदीत फसगत होत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना शिकवले की सौदा करताना फसवणूक चालणार नाही असे सांगावे, आणि तीन दिवस माल ठेवण्याचा किंवा परत करण्याचा अधिकार त्यांना दिला. खियार-ए-शर्तचा पाया हाच. पाहा, येथेही एक पक्ष हक्क राखून ठेवतो, पण तो हक्क दुर्बळाच्या रक्षणासाठी आहे, मालाला चिकटलेला आहे आणि त्याचे वेगळे मोल घेतले जात नाही. याच हक्काला मालापासून सोडवून बाजारात मांडले की त्याचे रूप कसे पालटते, हे आपण वर पाहिले.

‘इस्लामी’ हे लेबल पाहून निर्धास्त होणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. आखाती देशांत काही बँकांनी मुराबहा आणि परस्परांची वचने एकापुढे एक लावून असे पदार्थ तयार केले की ज्यांचा मोबदला हुबेहूब निर्देशांकांवरील विकल्पासारखा येतो. शेख यूसुफ तलाल डीलोरेन्झो यांनी २००७ मध्येच अशा एका रचनेवर जाहीर टीका केली होती. दोन्ही बाजूंना बांधणारी दोन वचने ही नाव बदललेला करारच असतो. आमच्या मते, अरबी नावे देण्याने खड्याचे मोती होत नाहीत.

मग खरी जोखीम असलेल्या निर्यातदाराने काय करावे? हजरत यूसुफ (अलै.) यांनी सात वर्षांच्या सुकाळात धान्य कणसातच राखून पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळाची तरतूद केली, हे सूरह यूसुफमध्ये आहे. संकटाची तरतूद करणे ही नबींची रीत आहे, आणि ती खऱ्या धान्याने केली गेली. मदीनेत लोक खजुरासाठी एक-दोन वर्षे आधी पैसे देत, प्रेषितांनी (स.) तो व्यवहार बंद केला नाही, तर माप, वजन आणि मुदत निश्चित करण्यास सांगितले. हाच सलम. शेतकऱ्याला आगाऊ पैसा मिळतो, घेणाऱ्याला भावाची निश्चिती. चलनाच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. दोन चलनांची अदलाबदल हातोहात व्हावी लागते, म्हणून पुढच्या तारखेचा पक्का चलन-करार बहुतेक विद्वानांना मान्य नाही, एकतर्फी वचनाला मात्र अनेकांनी वाट दिली आहे. त्याहून सोपे उपाय व्यापारी स्वतःच जाणतात. ज्या चलनात कमाई त्याच चलनात शक्य तितका खर्च, रुपयात बिल काढण्याचा आग्रह, नफ्यातून राखून ठेवलेला निधी, आणि मुळात कर्जावर न फुगवलेला धंदा. हे उपाय बँकेच्या कागदाइतके आकर्षक दिसत नाहीत, हे मान्य.

तरुणांसाठी थोडे. मोबाइलवर होणारे रोजचे ऑप्शनचे व्यवहार बहुतांशी साध्या प्रकारचे असतात, रेषा आणि सरासरीचे नव्हेत. पण मालाविना फरकाचा खेळ हा दोष तेथेही आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत वायदे व विकल्पांत उतरलेल्या व्यक्तिगत व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. सूरह अल-माइदाच्या ९१व्या आयतीत जुगाराची दोन फळे सांगितली आहेत: आपसांतील वैर आणि अल्लाहच्या स्मरणात व नमाजमध्ये अडथळा. पडद्यावरील भावाकडे डोळे लावून ज्याची जुहर निघून गेली, त्याला या आयतीचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको.

ज्यांची उपजीविकाच या कार्यालयांत आहे, त्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक. व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्षीदार हे सारे सारखेच ठरवणारे प्रेषितवचन सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि पापाच्या कामात सहकार्य करू नका ही आज्ञा सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे. म्हणून असे करार रचणे, त्यांची किंमत काढणे आणि ग्राहकाच्या गळी उतरवणे हेच ज्याचे काम, त्याने दुसरे काम शोधण्याची नियत आजच करावी. ज्याचे काम संगणकाची देखभाल, सुरक्षा किंवा सर्वसाधारण लेखापालन आहे, त्याची स्थिती तशी नाही; संबंध जितका दूर, तितकी सवलत अधिक, असे विद्वान मानतात. ज्याच्यावर म्हाताऱ्या आईवडिलांचा आणि मुलांचा भार आहे, त्याने नोकरी तडकाफडकी सोडून घराला कर्जात लोटावे असे आम्ही सांगणार नाही. दुसरी वाट मिळेपर्यंत शोध चालू ठेवावा आणि शोधात सुस्ती करू नये.

ज्यांनी असे करार आधीच केले आहेत, त्यांनी मुदत असलेल्या कराराचे कायदेशीर देणे बुडवू नये. शक्य असेल तिथे बँकेशी बोलून तो लवकर संपवावा आणि नवीन करू नये. सूरह अल-बकराच्या २७९व्या आयतीत तौबा करणाऱ्या व्याजखोराला त्याचे मूळ भांडवल ठेवण्याची अनुमती आहे, त्याच धर्तीवर भरलेली मूळ रक्कम हाती आली तर ती ठेवता येईल. तिच्यावर आलेली अधिकची रक्कम पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावी. ती मस्जिदच्या बांधकामात लावू नये आणि तिने जकातही फेडू नये. नेमकी किती रक्कम वेगळी काढायची याचा हिशेब कागदपत्रांसह जाणकार मुफ्तींसमोर बसूनच करावा, कारण रोजचे भाव, कापलेले शुल्क आणि अर्धवट संपलेले करार यांत अंदाजाने चालत नाही.